जोखीम आणि प्रारब्ध

जो माणूस आज आजारी नाही, ज्याला वेळेवर भूक लागते आणि रात्री गाढ झोप येते, जो पहाटे उठून केळीच्या बागेला पाणी सोडून येतो किंवा यंत्रमागावरची आपली पाळी निमूटपणे पुरी करतो, परंतु ज्याच्या रक्तातील दोन-तीन आकड्यांवरून असे अनुमान निघते की आणखी पंधरा-वीस वर्षांनी त्याचे यकृत कदाचित आक्रसून कठीण होईल, त्या माणसाची गणना कोणत्या वर्गात करावी, हा प्रश्न वरवर पाहता वैद्यकाचा वाटला तरी केवळ वैद्यकाचा नाही. त्याला रोगी म्हणावे तर रोगाचे एकही लक्षण त्याच्या अंगावर नाही, आणि निरोगी म्हणावे तर त्याच्या नावाचा कागद दप्तरात दाखल झालेला आहे. फिर्याद नाही, आरोप नाही, तरी तो संशयित आहे. आपल्या धर्मचिंतनाने आरोग्य आणि व्याधी, पाप आणि पुण्य, दैव आणि पुरुषकार अशा जोड्यांचा शतकानुशतके विचार केला. पण या जोड्यांच्या मधल्या पट्टीत उभा असलेला, ज्याचे अद्याप काहीच घडलेले नाही पण ज्याचे काही घडण्याचा संभव आकड्यांत मांडलेला आहे, असा हा नवा मनुष्य आपल्या नीतिविचारापुढे प्रथमच इतक्या मोठ्या संख्येने येऊन ठाकला आहे.

बऱ्हाणपुराला लागून असलेल्या बहादरपुरात तो सहज भेटतो. हे गाव खानदेशाचा अखेरचा फारुकी राजा बहादूर खान याचे नाव धारण करून आहे. १६०१ साली अकबराने ज्याच्याकडून असीरगड घेतला तोच हा. आज राज्य मध्य प्रदेशाचे, सरकारी कागद हिंदीतला, तापीकाठची केळी मात्र रावेर-सावद्याच्या केळीची सख्खी बहीण, आणि कित्येक घरांतली बोली मराठी. इथल्या कोणा पंचेचाळीस-पन्नाशीच्या गृहस्थाने पोटात दुखते म्हणून सोनोग्राफी काढली की कागदाच्या तळाशी 'ग्रेड वन फॅटी लिव्हर' असा शेरा बहुधा येतोच, आणि तो कागद घरी पोहोचला की निवाडे सुरू होतात. मावशी म्हणतात, "जिभेवर ताबा ठेवला असतास तर ही पाळी आली नसती." आजोबा म्हणतात, "ज्याचं त्याचं लिहिलेलं असतं, बाबा." आणि पारावरचा सोबती म्हणतो, "अरे, हल्ली कुणाला नसतं ते? कागद ठेव बासनात." ही तिन्ही वाक्ये सहज बोलली जात असली तरी त्यांच्या पाठीशी तीन जुनी दर्शने उभी आहेत: पहिल्यात कर्मफलाचा सिद्धांत, दुसऱ्यात नियतिवाद, आणि तिसऱ्यात जे डोळ्यांना दिसत नाही ते नाहीच असे मानणारा चार्वाक. माझे म्हणणे असे की, या तिघांनीही एका अनुमानाला फैसला समजण्याची एकच चूक केली आहे. एकाने तो दोषसिद्धीचा मानला, दुसऱ्याने अटळ मानला, आणि तिसऱ्याने तो आपल्या हिताचा नाही असे पाहून बरखास्त केला.

हे म्हणणे पटण्यासाठी आधी त्या अवयवाचा थोडा तपशील पाहिला पाहिजे, कारण तत्त्वचर्चेत वस्तुस्थितीचा आधार सुटला की ती केवळ शब्दांची झटापट होते. यकृतात चरबी साठणे ही एक गोष्ट आणि यकृतात तंतू माजणे ही अगदी दुसरी गोष्ट. १८७६ साली कार्ल कुप्फर या शरीरशास्त्रज्ञाने यकृतात ताऱ्यासारख्या आकाराच्या काही पेशी पाहिल्या. या तारकापेशी एरवी शांतपणे अ जीवनसत्त्वाचा साठा सांभाळीत बसतात. परंतु शेजारच्या पेशींना वारंवार इजा होऊ लागली, मग ती विषाणूंनी होवो, दारूने होवो की साठलेल्या चरबीच्या दाहाने होवो, की त्या आपला स्वभाव पालटतात आणि जखम बुजविण्यासाठी कोलॅजनचे तंतू विणू लागतात. इजा थांबली तर हे तंतू बऱ्याच अंशी विरघळून जातात. थांबली नाही तर डागडुजीवर डागडुजी होत राहून शेवटी मूळ वास्तूच नाहीशी होते आणि नुसती डागडुजी शिल्लक उरते. या वाढीच्या शून्यापासून चारपर्यंत पायऱ्या मानतात. चौथी पायरी म्हणजे सिरॉसिस. येथे शत्रू बाहेरून आलेला नाही, रक्षण करणारी शक्तीच अतिरेकाने भक्षक झालेली आहे, आणि हे सर्व चालू असताना यकृत तक्रार करीत नाही, ही गोष्ट ज्याला शरीर म्हणजे पापाचे दंडस्थान वाटते त्याने विशेष लक्षात घ्यावी. कारण ज्या दंडाची वेदना अपराध्याला वर्षानुवर्षे कळतच नाही तो दंड म्हणून फारच विचित्र ठरेल.

सोनोग्राफीच्या कागदावरचा 'ग्रेड' हा चरबीचा असतो, तंतूंचा नव्हे. आणि दीर्घकाळ केलेल्या पाहण्यांतून असे दिसून आले आहे की रोग्याच्या आयुष्याचे भवितव्य चरबी किती यावर फारसे अवलंबून नसून तंतू कितव्या पायरीवर पोहोचले यावर अवलंबून असते. ज्यांच्या यकृतात चरबी आहे त्यांपैकी बहुसंख्य लोक सिरॉसिसपर्यंत कधीच जात नाहीत. त्यांच्यातले अधिक लोक हृदयविकाराने जातात. म्हणजे 'ग्रेड वन' वाचून घाबरणारा आणि 'ग्रेड वन' वाचून निर्धास्त होणारा, दोघेही चुकीच्या ओळीवर बोट ठेवून बसलेले असतात.

मग तंतू आहेत की नाहीत हे कळावे कसे? प्रत्यक्ष पाहायचे तर सुई घालून यकृताचा तुकडा काढावा लागतो. त्या तुकड्यात साऱ्या यकृताचा सुमारे पन्नास हजारावा भाग येतो, त्यात रक्तस्रावाचे थोडे भय असते, आणि लक्षावधी स्थूल माणसांना असे टोचीत सुटणे शक्यही नाही व शहाणपणाचेही नाही. ज्याला आपण प्रत्यक्ष प्रमाण म्हणून सर्वांवर बसवतो ते येथे इतके तोकडे आहे, म्हणून अनुमानाकडे वळणे भाग पडते. हे अनुमान सध्या जगभर ज्या सूत्राने प्रथम केले जाते त्याला 'फिब-४' म्हणतात, आणि ते इतके साधे आहे की पूर्वीच्या काळी हिशेब लिहिणाऱ्या कोणाही कुलकर्ण्याला ते मांडता आले असते: माणसाचे वय आणि त्याच्या रक्तातील एस.जी.ओ.टी. या विकराचे प्रमाण यांचा गुणाकार करावा, आणि त्याला प्लेटलेटची हजारांतील संख्या गुणिले एस.जी.पी.टी. या दुसऱ्या विकराच्या प्रमाणाचे वर्गमूळ याने भागावे. भागाकार १.३ च्या खाली आला तर वाढलेले तंतू असण्याचा संभव फार थोडा, २.६७ च्या वर गेला तर संभव बराच. मध्ये आला तर पुढची तपासणी करावी. पासष्टीनंतर खालची मर्यादा २.० धरतात, आणि पस्तिशीच्या आत हे सूत्र भरवशाचे मानीत नाहीत.

समजा, एक गृहस्थ ५२ वर्षांचे आहेत, एस.जी.ओ.टी. ४८, एस.जी.पी.टी. ६४, प्लेटलेट १,८०,०००. अंशात २,४९६, छेदात १,४४०, भागाकार १.७३, गृहस्थ संशयाच्या पट्टीत आले. रक्ताचे हेच सर्व आकडे वयाच्या ३६ व्या वर्षी असते तर उत्तर १.२ आले असते आणि त्यांना घरी जाण्याची मुभा मिळाली असती. यकृताच्या परीक्षेत वय स्वतःच अंशस्थानी बसलेले आहे, म्हणजे नुसते जगत राहिल्यानेही संशय वाढतो, ही गोष्ट वेदान्त्याला फारशी नवी वाटणार नाही; परंतु व्यवहारात तिचा अर्थ इतकाच की, हा आकडा यकृताचे चित्र नव्हे. काळ, झीज आणि रक्तातील काही खुणा यांची ती मोळी आहे आणि तिच्यावरून आपण आत काय असेल याचा तर्क करतो.

तर्काचे नियम आपल्या नैयायिकांनी ज्या काटेकोरपणे तपासले त्या काटेकोरपणाची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. जेथे धूर तेथे अग्नी ही व्याप्ती शुद्ध आहे, म्हणून डोंगरावर धूर पाहून अग्नीचे अनुमान करावे. परंतु जेथे अग्नी तेथे धूर असे उलट म्हणता येत नाही, कारण लालबुंद तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो आणि धूर नसतो. धूर निघायला अग्नीखेरीज ओल्या सरपणाचा संयोग लागतो. या लपून राहिलेल्या अटीला त्यांनी उपाधी म्हटले, आणि चौदाव्या शतकात मिथिलेच्या गंगेशाने 'तत्त्वचिंतामणी'त अनुमानाची चिकित्सा करताना या उपाधीच्या विचाराला मोठे स्थान दिले. जेथे लठ्ठपणा तेथे यकृतात तंतू, ही आपल्या मनात नकळत बसलेली व्याप्ती याच जातीची सोपाधिक, म्हणजे सदोष आहे. लठ्ठपणा हा अग्नी असेल. धूर निघण्यासाठी मधुमेह, वाढते वय, दारू, घराण्यातून आलेली विशिष्ट जनुके असे ओले सरपण लागते, आणि ते ज्याच्या घरात आहे तो कित्येकदा दिसायला सडपातळ असतो. फिब-४ च्या सूत्रात वजनाला जागाच नाही, याचे अनेकांना आश्चर्य वाटेल. २००७ साली तयार झालेल्या दुसऱ्या एका सूत्रात उंचीच्या मानाने वजन दाखविणारा शरीरभारांक घातलेला आहे, आणि पुढे असे आढळले की अतिस्थूल माणसांच्या बाबतीत ते सूत्र तंतूंचा अंदाज वास्तवाहून अधिक सांगते. वजनालाच आधी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले की न्याय असा वाकडा होतो.

आणखी एक गोष्ट नैयायिकाला खटकली असती आणि खटकायलाच हवी होती. फिब-४ हे सूत्र २००६ साली जेव्हा प्रथम मांडले गेले तेव्हा ते स्थूल माणसांसाठी मांडलेच नव्हते, एच.आय.व्ही. आणि हिपॅटायटिस-सी हे दोन्ही विषाणू ज्यांच्या अंगी होते अशा रोग्यांवर ते बांधले गेले होते. एका समाजात सिद्ध झालेली व्याप्ती दुसऱ्या समाजात नेताना तिची पुन्हा खातरजमा करावी लागते. ती पुढे केली गेली आणि मर्यादांचे आकडे बदलले गेले, म्हणून आज ते वापरात आहे. याच मुद्द्याची दुसरी बाजू अठराव्या शतकातील टॉमस बेझ नावाच्या एका इंग्रज धर्मोपदेशकाने दाखविली. त्याचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर १७६३ साली त्याचा मित्र रिचर्ड प्राइस याने प्रसिद्ध केला, आणि त्यातील विचार व्यवहारात असा उतरतो की कोणत्याही पुराव्याचे मोल तो पुरावा हाती येण्याआधी त्या गोष्टीचा संभव किती होता यावरही अवलंबून असते. एकच १.७३ हा आकडा मधुमेह असलेल्या, कंबर सुटलेल्या माणसाच्या कागदावर एक अर्थ सांगतो आणि ज्याच्या अंगी यातले काहीच नाही अशाच्या कागदावर दुसरा. ईश्वराच्या सेवेत आयुष्य घालविलेल्या मनुष्याने अनिश्चिततेचे गणित मांडावे यात मला विसंगती दिसत नाही. आपल्याला पूर्ण ज्ञान नाही हे कबूल करून जेवढे आहे तेवढ्यावर प्रामाणिकपणे चालणे, ही श्रद्धेला शोभणारीच वृत्ती आहे.

आता मावशींच्या निवाड्याकडे वळू. स्थूल माणूस जिभेचा गुलाम असतो ही समजूत आपल्याकडे एवढी सार्वत्रिक आहे की तिला शास्त्राचा आधार असेल असे पुष्कळांना वाटते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात निंदित पुरुषांची जी यादी आहे तीत अतिस्थूल आहे हे खरे. पण त्याच यादीत अतिकृशही आहे, हे सांगायला आपण सोयीस्करपणे विसरतो. शिवाय स्थौल्याची कारणे सांगताना अतिभोजन, दिवसा झोप, व्यायामाचा अभाव यांच्या जोडीला चरकाने बीजस्वभावही सांगितला आहे, म्हणजे आईबापांकडून आलेल्या बीजाचा गुण. आणि आईबापांची निवड कोणीही जिभेने केलेली नसते. अर्वाचीन काळात या विधानाला बळ मिळाले ते पुण्यातून. के.ई.एम. हॉस्पिटलातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली आपल्या दोघांचे छायाचित्र एका विख्यात वैद्यकीय नियतकालिकात छापले. दोघांचाही शरीरभारांक नेमका सारखा, २२.३, पण युडकिनांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या पाहणीत तर असे दिसले की आपली बालके इंग्रज बालकांपेक्षा वजनाने बरीच कमी, पण चरबीच्या बाबतीत तितकी कमी नाहीत. बारीक दिसणारे मूल चरबीचा संचय जन्मतःच घेऊन येते. म्हणूनच भारतीयांसाठी अधिक वजनाची रेषा २५ ऐवजी २३ वर आणि लठ्ठपणाची ३० ऐवजी २५ वर आखली गेली, आणि कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांना ९० व स्त्रियांना ८० सेंटिमीटर ठरली. बंगालमधील बीरभूमच्या ग्रामीण भागात २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ८.७ टक्के लोकांच्या यकृतात चरबी आढळली, आणि त्यांतले तीन चतुर्थांश लोक २५ च्या रेषेखालचे होते. ज्यांच्याकडे बोट दाखवून पोरांना संयमाचे धडे द्यावेत असे हे काटक शेतकरी! संयमाला शरीराच्या आकारावरून ओळखण्याची आपली रीत किती कच्ची आहे, याला आणखी दाखला नको.

संयमाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगून टाकतो. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण ज्यांनी केली त्यांना साबुदाण्याची खिचडी, तळलेले बटाटे आणि शेंगदाण्याचे लाडू यांचा पूर्ण अनुभव होता. बऱ्हाणपुरात रमजानच्या संध्याकाळी मावा जिलेबीच्या कढईभोवती जी गर्दी होते तीत रोजे पाळणारे असतात तसे एकादशी धरणारेही असतात, आणि या बाबतीत दोन्ही धर्मांचे ऐक्य वाखाणण्यासारखे आहे. उपवासाचा खरा हेतू यकृत नव्हे. पण धर्माने दिलेली साधने शरीराच्या उपयोगी पडावीत अशी ज्यांची इच्छा असेल त्यांनी निदान ती साधने शुद्ध तरी ठेवावीत.

मात्र मावशींच्या वाक्यात थोडे तथ्य आहे, आणि ते नाकारणे हा उलट्या बाजूचा भाबडेपणा होईल. वजन उतरले तर यकृत सुधारते. क्युबात २९३ रोग्यांवर वर्षभर आहार-व्यायामाचा प्रयोग करून २०१५ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध झाले त्यांत, ज्यांचे वजन दहा टक्के किंवा अधिक घटले त्यांच्यापैकी सुमारे ४५ टक्क्यांचे तंतू मागे हटलेले आढळले. पण एवढे वजन घटविणे दहांतील एकालाच साधले, तेही वैद्यांच्या सतत देखरेखीखाली. ज्या कामात दहांतले नऊ देखरेख असूनही कमी पडतात त्या कामात कमी पडणाऱ्याला पापी ठरविणे हे न्यायाचे नव्हे आणि धर्माचे तर मुळीच नव्हे. कर्मसिद्धांत माणसाने स्वतःकडे पाहण्यासाठी दिलेला आहे. शेजाऱ्याच्या पोटाकडे पाहून त्याच्या पूर्वकर्माचा हिशेब मांडण्याची सनद त्याने कोणालाही दिलेली नाही. ख्रिस्ती शुभवर्तमानात जन्मांधाला पाहून शिष्य जेव्हा विचारतात की पाप याचे की याच्या आईबापांचे, तेव्हा येशू दोन्ही पक्ष फेटाळतो, आणि त्या प्रश्नालाच बगल देऊन त्या माणसाचे डोळे उघडण्याच्या कामाला लागतो. वैद्याने हीच वाट धरावी.

आजोबांचे मत अधिक गंभीर आहे, कारण त्यात कोणावर दोष नाही, फक्त शरणागती आहे. भविष्य कुठेतरी लिहिलेले आहे आणि ते वाचता आले पाहिजे ही ओढ माणसाला किती जुनी आणि किती सर्वधर्मीय आहे हे बऱ्हाणपुरातच दगडावर कोरलेले सापडते: राजा अली खान फारुकीने बांधलेल्या जामा मशिदीत अरबी लेखाच्या जोडीला संस्कृत लेख आहे, आणि त्यात शके १५११, संवत १६४६ हा काळ तिथी, वार, नक्षत्रासह पंचांगाच्या रीतीने नोंदलेला आहे. पण याच प्रश्नावर चरकसंहितेच्या विमानस्थानात जी चर्चा आली आहे ती मला आपल्या साऱ्या वाङ्मयातील सर्वांत धीट चर्चांपैकी एक वाटते. पांचालदेशी कांपिल्यनगरीजवळ गंगेच्या काठी आत्रेयांना त्यांचा शिष्य अग्निवेश विचारतो की आयुष्याची मुदत ठरलेली असते की नसते. आत्रेय उत्तर देतात ते असे: मागच्या देहात केलेले ते दैव आणि या देहात करतो तो पुरुषकार, दोन्हींना बलाबल आहे, दुबळ्या दैवाला प्रबळ पुरुषकार मागे सारतो आणि प्रबळ दैव पुरुषकाराला. सर्वांचेच आयुष्य ठरलेले असते तर कोणी औषधे घेतली नसती, आणि पिसाळलेल्या हत्तीपासून किंवा पूर आलेल्या नदीपासून दूर राहण्याचे कारण कोणालाच उरले नसते. दोन सहस्रकांच्या अलीकडे-पलीकडे केलेला हा युक्तिवाद आजही तसाच चालतो. काही यकृतांच्या बाबतीत दैव खरोखर प्रबळ आहे, कारण अमुक जनुक घेऊन आलेल्याला सारे पथ्य पाळूनही तंतू होतात. परंतु पुष्कळांच्या बाबतीत ते दुबळे आहे, आणि आपल्या वाट्याला कोणते आले हे कळण्यापूर्वीच हात टेकणे याला आत्रेयांनी शास्त्र म्हटले नसते.

लोकमान्य टिळकांनी 'गीतारहस्या'त कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांच्यासाठी एक संपूर्ण प्रकरण खर्ची घातले आहे. तो ग्रंथ त्यांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात शिसपेन्सिलीने लिहिला तेव्हा ते मधुमेहाने पीडित होते आणि आहाराचे पथ्य कसोशीने सांभाळीत होते, ही गोष्ट मला त्या प्रकरणातील कोणत्याही युक्तिवादाइतकीच बोलकी वाटते. प्रारब्धाचा स्वीकार आणि पथ्याचा काटेकोरपणा एकाच कोठडीत सुखाने नांदू शकतात. पैगंबरांची म्हणून जी कथा बहादरपुरातल्या मुसलमान घरांत सांगितली जाते, की ईश्वरावर भरवसा ठेवून उंट मोकळा सोडू का असे विचारणाऱ्याला त्यांनी आधी उंट बांधायला सांगितले आणि मग भरवसा ठेवायला, तिचाही आशय यापेक्षा वेगळा नाही.

राहिला पारावरचा सोबती. त्याच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे, आणि आजचे काही विचारी डॉक्टरही त्याच्याच बाजूने बोलतात. धडधाकट माणसाला संशयाचा आकडा देऊन घरी पाठविले तर त्याची झोप जाते, विमा महागतो, मुलीच्या लग्नाच्या बोलण्यांत तो कागद निघतो, आणि एवढे करून मधल्या पट्टीतल्या बहुतेकांना पुढच्या तपासणीत काहीच निघत नाही. ही पुढची तपासणी म्हणजे फायब्रोस्कॅन: कातडीवरून एक हलका ठोका देऊन त्याची लहर यकृतातून किती वेगाने जाते हे मोजायचे; कठीण यकृतात ती वेगाने जाते, आणि मोजमाप ८ किलोपास्कलच्या आत आले की बहुधा चिंता नसते. यंत्र मोठ्या शहरात, त्यासाठी एक दिवसाची मजुरी बुडते, आणि ज्याची पोटावरची चरबी जाड त्याच्यासाठी निराळा मोठा प्रोब लागतो, तो नसला तर मोजणीच होत नाही. ज्याच्यासाठी तपासणी त्यालाच ती दुर्मीळ, असा हा प्रकार. तेव्हा सरसकट सर्वांना मोजीत सुटणे मलाही मान्य नाही. तिसाव्या वर्षानंतर आशा कार्यकर्ती घरोघर जाऊन वय, कंबर, तंबाखू, दारू, व्यायाम आणि घराण्यातला आजार यांची जी नोंद करते ती पुरेशी गाळणी आहे. २०२१ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने यकृतातील चरबीचा विकार मधुमेह-हृदयरोगाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला तो याच विचाराने. पण ज्याला मधुमेह आहे, किंवा ज्याचे वजन आणि कंबर दोन्ही वाढलेले असून सोबत रक्तदाब आहे, त्याला 'कागद ठेव बासनात' असे सांगणे हे त्याच्या मनःशांतीची काळजी घेणे नव्हे. जो निर्णय घेण्याचा अधिकार त्याचा आहे तो त्याच्या परोक्ष परस्पर घेऊन टाकणे आहे. दुःख अज्ञात ठेवल्याने टळत असते तर ती दया ठरली असती. येथे मात्र पहिल्या-दुसऱ्या पायरीवर कळले तर मागे फिरता येते आणि चौथ्या पायरीवर कळले तर बहुधा येत नाही.

सांगायचे कसे, हाच मग खरा धर्मप्रश्न उरतो. 'तुमचे लिव्हर खराब झाले' हे वाक्य खोटे आहे, कारण तसे कोणीही पाहिलेले नाही. 'काही झाले नाही' हेही खोटे, कारण अनुमानाने शंका दाखविली आहे. खरे वाक्य थोडे लांब आहे: तुमच्यासारखे आकडे असलेल्या माणसांपैकी काहींच्या यकृतात तंतू वाढलेले असतात, तुमचे तसे आहे की नाही हे आणखी एका तपासणीने बरेचसे कळेल, आणि निघालेच तरी अजून करण्यासारखे पुष्कळ आहे. गर्दीच्या दवाखान्यात एवढे बोलायला दोन मिनिटे लागतात, आणि ती दोन मिनिटे न देणाऱ्या वैद्याने आपल्या अनुमानाची विश्वासार्हता कितीही वाढविली तरी त्याचे कर्तव्य पुरे झाले असे मी मानणार नाही. ऐकणाऱ्यानेही ते वाक्य अर्धवट ऐकू नये. त्याच्या घरच्यांनी तर त्यात आपल्या पदरचे एकही विशेषण घालू नये.

मधुमेह असलेल्या किंवा कमरेचा घेर वर सांगितलेल्या मर्यादेबाहेर गेलेल्या वाचकाला माझी एवढीच विनंती आहे की, पुढच्या खेपेस डॉक्टरांकडे जाताना जुन्या तपासण्यांची फाईल सोबत न्यावी आणि फिब-४ मांडून देण्यास सांगावे. त्यासाठी वेगळे रक्त काढावे लागत नाही, कारण एस.जी.ओ.टी., एस.जी.पी.टी. आणि प्लेटलेट हे तिन्ही आकडे बहुधा त्या फाईलीत आधीच पडलेले असतात आणि चौथा आकडा, वय, प्रत्येकाला ठाऊक असतो.